इंदिरानगरमधला तायक्वांदो क्लास, सहा महिन्यांनंतर (किक मोजायच्या मशीनसकट)

स्टार ४ दिलेत. पाचवा का नाही दिला ते पुढे येईलच, पण आधीच सांगते की नाशिकमध्ये मुलीला क्लास शोधत असाल तर हे जरा लांबलचक झालंय तरी पूर्ण वाचा, कारण मला जे दीड वर्षापूर्वी कुणी सांगायला हवं होतं ते सगळं इथे लिहितेय.

आम्ही तिघं जातो. लेक सातवीत आहे, १२ वर्षांची, ती आठवड्यातून पाच दिवस. मुलगा दहावीत, त्यामुळे तो फक्त रविवारी. आणि मी सकाळच्या लेडीज बॅचला, साडेसहाची, तिथून घरी येऊन डबे भरून मग कंपनीत. अंबड एमआयडीसीत क्वालिटीला आहे मी, चौदा वर्षं मोजमापाचंच काम करतेय, गेज (मापाची साधनं), लोड सेल (भार मोजणारा सेन्सर), कॅलिब्रेशन (यंत्राचा आकडा खऱ्या मापाशी ताडून बघणं) हेच सगळं, म्हणून या क्लासमधल्या मशीनबद्दल बाकीच्या पालकांपेक्षा जास्त लिहिणार आहे.

आधी आम्ही दुसऱ्या एका क्लासला होतो, शहराच्या दुसऱ्या टोकाला, नाव घेत नाही. तिथेही किकचा जोर दाखवणारं एक पॅड होतं आणि दर रविवारी सगळ्यांनी त्यावर राऊंड किक मारायची आणि आकडा फळ्यावर. एकच यादी. नववीतला मुलगा, पाचवीतली मुलगी, नोकरी करणारा दादा, सगळे एकाखाली एक. माझी लेक तेव्हा अकराची, ती कायम तळाला, आणि त्या फळ्यासमोर उभं राहून मुलं हसायची. मी विचारलं तर तिथले शिकवणारे म्हणाले, "मॅडम, मुलींची किक हलकीच असते, तिला पूमसे (एकट्याने करायच्या ठरावीक हालचाली) करू द्या, फाइटचं राहू द्या." त्यानंतर दोन महिने दर रविवारी पोरीच्या पोटात दुखायचं. मला खरंच राग आला होता आणि अजूनही येतो, आई म्हणून तर येतोच, पण मापाच्या धंद्यातली बाई म्हणून जास्त येतो, कारण तो आकडा तिच्या किकचा नव्हताच, तो तिच्या वजनाचा आणि उंचीचा होता.

इथे पहिल्या दिवशी काय झालं ते सांगते. सरांनी लेकीला आधी वजनकाट्यावर उभं केलं, उंची घेतली, कमरेचं हाड जमिनीपासून किती वर आहे ते टेपने मोजलं, आणि एका जाड वहीत तिचं पान उघडलं. मग तीन किक उजव्या पायाने, तीन डाव्या. सहाही आकडे लिहिले. फळा नाही, यादी नाही. लेकीने विचारलं, "सर, माझा कितवा नंबर?" सर म्हणाले, "नंबर नाही गं बाळा, पुढच्या महिन्यात हेच पान उघडायचं." मी तिथेच फी भरली.

आता मशीन. विकतचं नाहीये, सरांनी ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून बनवून घेतलंय. भिंतीला लोखंडी (एमएसची) प्लेट, मागे लोड सेल, पुढे फोमचं पॅड आणि बाजूला एक डिस्प्ले जो सगळ्यात वरचा आकडा धरून ठेवतो. आकडा किलोत येतो. जोर खरंतर न्यूटनमध्ये मोजतात आणि १ किलोचा भार म्हणजे साधारण ९.८ न्यूटन, पण मुलांना किलो कळतात म्हणून तसं ठेवलंय, ठीक आहे. पहिल्याच महिन्यात मी सरांना म्हटलं की सर याचं कॅलिब्रेशन कधी केलंत, तर ते काहीही वाईट न वाटून घेता म्हणाले "ताई, तुम्हीच करून द्या." मग एका रविवारी आम्ही प्लेट खाली काढून आडवी ठेवली, त्यावर जिमच्या प्लेटा रचल्या, २०, ४०, ६० किलो, आकडे बरोबर आले. पण मी तेव्हाच सांगितलं होतं की हे स्थिर वजनाचं झालं. किकचा दणका सेकंदाच्या काही शतांश भागात संपतो आणि त्यातलं टोक तर त्याहून बारीक, डिस्प्ले सावकाश वाचणारा असेल तर टोक निसटतं आणि सगळ्यांचेच आकडे कमी दिसतात. म्हणून इथला आकडा दुसऱ्या क्लासच्या आकड्याशी लावायचाच नाही. यूट्यूबवर अमक्याच्या किकचा जोर इतका किलो असं जे असतं ना, त्यातही प्रत्येकाचं यंत्र वेगळं, पॅड वेगळं, तुलना होत नाही.

पॅडवरून आठवलं, ऑक्टोबरमध्ये एक गोष्ट झाली आणि हा रिव्ह्यू लिहायचं खरं कारण तीच आहे. त्या महिन्यात सगळ्यांचे आकडे वाढले. सगळ्यांचे म्हणजे अक्षरशः सगळ्यांचे, चाळीसेक पोरं आणि आम्ही बायका, ज्या दोघी महिनाभर आल्याच नव्हत्या त्यांचेसुद्धा. सगळे खूश, पोरं नाचतायत, एका बाईंनी पेढे आणले. मला काही चैन पडेना, कारण कंपनीत जेव्हा एका रात्रीत सगळे पार्ट एकाच बाजूला सरकतात तेव्हा पार्ट सुधारलेले नसतात, गेज बिघडलेला असतो. पॅड दाबून बघितलं तर मधला फोम बसला होता, पार कडक. मऊ पॅडवर पाय थांबायला वेळ जास्त लागतो म्हणून तोच दणका पसरतो आणि टोक खाली राहतं, कडक पॅडवर तोच पाय झटक्यात थांबतो आणि टोक वर जातं. पाय तोच, किक तीच, आकडा वेगळा. मी सरांना बाजूला घेऊन सांगितलं. दुसऱ्या कुणी गप्प बसायला लावलं असतं, कारण पालक खूश होते आणि दिवाळीच्या सुट्टीत नवीन अॅडमिशन येतात. सरांनी त्याच संध्याकाळी सगळ्यांसमोर सांगितलं की या महिन्याचे आकडे चुकीचे आहेत, प्रत्येकाच्या पानावर ऑक्टोबरची ओळ लाल पेनने खोडली, नवीन फोम त्याच घनतेचा आणला आणि नोव्हेंबरमध्ये परत घेतलं. पोरं रडकुंडीला आली होती हे खरं. पण आता प्रत्येक पानावर फोम कधी बदलला ती तारीख पण लिहितात. एवढा प्रामाणिकपणा मी पैसे घेऊन सर्टिफिकेट देणाऱ्या लॅबमध्येही क्वचित बघितलाय.

दुसरी गोष्ट उंचीची. सुरुवातीला पॅड एकाच उंचीवर पक्कं होतं, साधारण पावणेसहा फुटी पुरुषाच्या छातीला येईल असं. माझी उंची पाच फूट एक इंच, मला ते छातीच्या वर यायचं, लेकीला तर जवळजवळ तोंडासमोर. पाय जितका वर न्याल तितकी कमरेची ताकद त्यात उतरवणं अवघड, उचलण्यातच जोर जातो. म्हणजे मशीन बसवतानाच बायका आणि लहान मुलांच्या आकड्यातून वजाबाकी झालेली, आणि वर म्हणायचं की बघा बायकांचा आकडा कमी. सरांच्या हे लक्षात नव्हतं (पहिल्या दिवशी कमरेची उंची मोजून घेतात पण पॅड हलवता येत नव्हतं, काय उपयोग), पण सांगितल्यावर पंधरा दिवसांत स्लॉट असलेले चॅनल बसवून घेतले आणि आता पॅड वरखाली होतं. उभं कुठून राहायचं तेही ज्याच्या त्याच्या पायाच्या लांबीप्रमाणे खडूने आखतात, कारण फार जवळून किंवा फार लांबून मारली तरी आकडा कमी येतो.

आता मुलगे आणि मुली यांच्यात फरक असतो का, तर असतो, आणि इथली चांगली गोष्ट म्हणजे तो लपवत नाहीत आणि फुगवतही नाहीत. आमच्या लेडीज बॅचला ब्लॅक बेल्ट असलेल्या एक ताई शिकवतात, बावन्न किलोच्या आहेत. त्यांनी एका शनिवारी चटईवर बसवून सगळं नीट समजावलं. सरासरी पुरुषाच्या वजनात साधारण ३८ टक्के स्नायू असतात आणि बाईच्या ३१ टक्के, म्हणजे वजन सारखं असलं तरी त्यांच्याकडे इंजिन थोडं मोठं. पण हा फरक कमरेच्या वर जास्त आणि खाली कमी असतो, वरच्या भागात बायकांचे स्नायू साधारण ४० टक्क्यांनी कमी, खालच्या भागात ३३ टक्क्यांनी. ताई म्हणाल्या, "म्हणून पंचपेक्षा किकमध्ये आपण त्यांच्या जास्त जवळ असतो." आणि स्नायूचा तेवढाच जाडीचा तुकडा घेतला तर बाईचा आणि पुरुषाचा जोर जवळपास सारखाच, फरक किती स्नायू आहे याचा असतो, कुणाचा आहे याचा फारसा नाही. हे ऐकून आमच्यातल्या एक काकू, वय ५३, म्हणाल्या, "मग आमचं काय चुकलं इतकी वर्षं?" कुणीच काही बोललं नाही.

लहान मुलामुलींमध्ये तर वयात येईपर्यंत फरक नावालाच असतो. उलट मुलींची उंची भराभर वाढायचा काळ साधारण ११-१२ व्या वर्षी येतो आणि मुलांचा त्यानंतर दोनेक वर्षांनी, त्यामुळे सहावी सातवीत बऱ्याच मुली मुलांपेक्षा उंच आणि जड असतात. इथल्या बॅचमध्ये बारा वर्षांच्या गटात सगळ्यात जोरात मारणारी मुलगीच आहे, माझी नाही, दुसरी, सिडकोतून सायकलवर येते. तेरा चौदानंतर मुलांमध्ये टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन वाढतं, स्नायू भरतात आणि तिथून रेषा वेगळ्या होतात. आधीच्या क्लासात अकरा वर्षांच्या मुलीला नववीतल्या मुलाशेजारी लिहून "मुलींची किक हलकी" म्हणत होते, ते किती चूक होतं बघा, वयाचा फरक मुलगी असण्याच्या नावावर टाकला.

स्पर्धेतसुद्धा हे धरलेलंच असतं. तायक्वांदो २००० च्या सिडनी ऑलिंपिकपासून पदकाचा खेळ आहे, बायकांचे चार गट, ४९, ५७, ६७ आणि त्यावर, पुरुषांचे ५८, ६८, ८० आणि त्यावर. आणि आता चेस्ट गार्डमध्ये सेन्सर असतात, पायात सेन्सरवाले मोजे, ठरावीक जोराच्या वर लागली तरच पॉइंट पडतो, तो ठरावीक जोर वजनगटाप्रमाणे बदलतो आणि बायका पुरुषांसाठीही वेगळा असतो. म्हणजे जगातल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेत एकच फळा नाही आणि आमच्याकडच्या रविवारच्या क्लासात होता. शिवाय अंगावरच्या किकला २ पॉइंट आणि डोक्याला ३, आणि मांडी वर उघडण्यात मुली सहसा जास्त लवचिक, तो फायदा ताई पहिल्या महिन्यापासून वापरायला शिकवतात.

मग जोर वाढवायचा कसा, तर इथे मला पहिल्यांदा कळलं की किक पायाने मारायची नसते. खालच्या पायाची टाच टार्गेटकडे वळली पाहिजे, मग कंबर फिरते, मग मांडी, मग गुडघा उघडतो आणि शेवटी पाऊल, एकामागून एक, चाबूक कसा हातापासून सुरू होतो आणि टोकाला सगळ्यात जास्त वेग येतो तसं. एक अख्खा पाय शरीराच्या वजनाच्या साधारण एक षष्ठांश ते एक पंचमांश असतो. मी चोपन्न किलोची, म्हणजे माझा पाय नऊ ते अकरा किलोचा, ते काही मी वाढवू शकत नाही (वाढवायचा पण नाहीये). पण वेग वाढवू शकते, आणि हिशोब असा की वजन १० टक्के वाढलं तर दणक्यातली ऊर्जा १० टक्के वाढते, वेग १० टक्के वाढला तर २१ टक्के, कारण वेगाचा वर्ग येतो. हलक्या माणसाने सगळा घाम वेगावर आणि त्या क्रमावर गाळावा. आणि लागायच्या क्षणी घोटा आणि गुडघा कडक केला तर मागचं वजनही दणक्यात येतं, ढिला राहिला तर फक्त पाऊल आपटतं. ताईंची किक मी पॅड धरून खाल्लीय, मागे भिंत होती म्हणून उभी राहिले. त्याच आठवड्यात ऐंशी किलोचे एक दादा नवीन आले होते, त्यांचा आकडा ताईंच्या बराच खाली होता आणि ते स्वतःच म्हणाले की मला पण हे टाचेचं शिकवा.

गुडघ्याचं मात्र मुलींच्या आईवडिलांनी लक्ष द्या. उडी मारून खाली येताना किंवा झटकन वळताना गुडघ्यातला एसीएल लिगामेंट (हाडं जोडणारा पट्टा) तुटायचं प्रमाण असल्या खेळांत बायकांमध्ये पुरुषांपेक्षा दोन ते आठपट सांगतात, कंबर रुंद, मांडीचं हाड आत झुकतं, आणि खाली येताना गुडघे आत जायची सवय. इथे रोज पंधरा मिनिटं नुसतं वॉर्मअप आणि त्यात उडी मारून शांत उतरायचं, गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत, ताई आरशासमोर उभं करून दाखवतात. टाच न फिरवता किक मारली तर सगळा पीळ खालच्या गुडघ्यात जातो, म्हणून त्या आधी टाच, मग जोर असं पक्कं सांगतात. आधीच्या क्लासात वॉर्मअप म्हणजे हॉलला पाच चकरा एवढंच होतं.

आमचे आकडे विचारतीलच कुणीतरी म्हणून लिहिते, फक्त याच मशीनवरचे. जूनमध्ये लेक ४१ किलोची, सगळ्यात चांगली किक ९८. मुलगा ५८ किलोचा, १४५. घरी येऊन पोरगी गप्पच होती, मग मी वहीच्या मागे भागाकार करून दाखवला, तिचे किलोमागे २.४ आणि दादाचे २.५. ती म्हणाली, "म्हणजे एवढंच?" हो, एवढंच. वजनाने भागणं पण पूर्ण बरोबर नाही बरं का, हलक्या माणसाला त्यात थोडा फायदा मिळतो कारण वजन दुप्पट झालं म्हणून ताकद दुप्पट होत नाही, पण नुसत्या आकड्यापेक्षा पुष्कळ बरं. डिसेंबरमध्ये नवीन फोमवर तिचे १२७ आले, वजन ४३. मुलाचे १५२, वजन ६०, तो रविवारचाच असल्यामुळे फारसा हललेला नाही आणि त्याला ते मान्य आहे. तिचा डावा पाय अजून बराच मागे आहे, ८९, आता सगळं लक्ष तिकडे.

बाकीच्या गोष्टी पटपट. फी महिना १२००, चेस्ट गार्ड आणि हेल्मेट क्लासचं वापरता येतं पण पावसाळ्यात त्यांना वास येतो, स्वतःचं घेतलेलं बरं. मुलींच्या मापाचे चेस्ट गार्ड दोनच आहेत, बाकी मोठे, ढिले राहतात आणि वर सरकतात, इतकं सगळं बारीक बघणाऱ्या क्लासने हे करायलाच हवं. बेल्ट एक्झामची फी वेगळी असते हे अॅडमिशनच्या वेळी सांगितलं नव्हतं, विचारल्यावर सांगितलं, तेव्हा आधीच विचारून घ्या. चेंजिंग रूम आहे, आतून कडी नीट लागते, आरसा आणि लाइट आहे, मुलींसाठी हे फार महत्त्वाचं आहे आणि खूप ठिकाणी नसतं. पाळी असताना ताईंना फक्त सांगायचं, त्या हलका सराव देतात, घरी बसवत नाहीत आणि कुजबुजत पण नाहीत.

पाचवा स्टार चटईमुळे गेला. पझल मॅट आहेत आणि खिडकीच्या बाजूच्या चार पाच मॅटचे दात झिजलेत, फटी पडतात, ऑगस्टमध्ये एका मुलाचा अंगठा अडकून नख निघालं. ज्या पायावर फिरायचं तोच पाय फटीत अडकला तर गुडघ्याचं काय होईल हे त्यांनीच आम्हाला शिकवलंय. सर म्हणतात संक्रांतीनंतर बदलणार, मी दोनदा आठवण केलीय. पार्किंग रस्त्यावर, संध्याकाळी सहा ते सात गाडी लावायला जागा मिळत नाही, दुचाकी आणा.

थंडीत साडेसहाची बॅच अवघड जाते, डिसेंबर जानेवारीत नाशिकची हवा तुम्हाला माहितीये, हॉल बर्फासारखा असतो आणि पहिली दहा मिनिटं पायच उघडत नाहीत, पण ताई त्या दिवसांत सकाळी मशीन उघडतच नाहीत, म्हणतात थंड स्नायूवर जोर काढायचा नाही, टेस्ट फक्त शेवटच्या शनिवारी संध्याकाळी. लेडीज बॅचला आत्ता आम्ही अकराजणी आहोत, तीन चार जागा आहेत. ट्रायलसाठी दोन दिवस फुकट बसता येतं, अगदी नवीन शिकणाऱ्यांनी (माझी लेक आधी शिकलेली होती) पहिल्याच दिवशी मशीनवर मारू द्या म्हणून हट्ट करू नका, आधी टाच फिरवायला शिकवतात. चटई बदलली की इथेच येऊन स्टार वाढवेन.